मलायाचे पडोबा

दोन हजार तेवीस साल, आणि मी शहात्तर वर्षांचा. अमेरिकेत, पिस्कॅटवेला मुलाच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत एक किडकिडीत म्हातारा बाकावर बसायला आला आणि बाक चुकवून धप्पकन खाली बसला. मी काठी टाकून धावलो. तो खालून माझ्याकडे बघत डोळे मिचकावत होता. पडणं हा त्याचा धंदा होता, हे मागाहून कळलं. मी त्याला पडोबा नाव ठेवलं. वयानं माझ्याहून मोठा, पण एका बाकावर बसलं की अहो-जाहो राहत नाही.

उठून पँट झटकत तो म्हणाला, "आप्पा, खबर?"

मी चाट पडलो. गावाकडे मला सगळे आप्पा म्हणायचे. इथं मुलगा-सून 'बाबा' म्हणतात, नातवंडं 'ग्रँडपा'. यानं नाव कुठून काढलं, ते मी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो असेन, पण भोचक नाही.

मग रोज तेच. "आप्पा, खबर?" मी म्हणायचो, "बराय." आणि मग खरी खबर सांगायचो, मराठीतच. गुडघा, मुलाच्या मीटिंगा, बायको गेल्यापासून बेचव झालेला चहा. तो मान डोलवायचा आणि मलायीत, त्याच्या मलायाकडच्या भाषेत, त्याची खबर सांगायचा. साबणाला तो साबुन म्हणे, दुनियेला दुनिया. तेवढ्या भांडवलावर आमचं वर्ष निघालं.

एका रविवारी त्याची मुलगी रोहाना लॅपटॉप घेऊन आली. जुना काळा-पांढरा सिनेमा, आणि त्यात पडोबा. ती इंग्लिशमध्ये सांगे, माझी सून मराठीत. सिंगापूरच्या स्टुडिओत तो सुतारांना खिळे पुरवायचा. डायरेक्टर हिंदुस्थानातला, त्याला मलायी धड येईना. त्याची आरडाओरड ऐकून हा घाबरून शिडीवरून पडला, सगळे हसले, आणि डायरेक्टरनं ते पडणंच सिनेमात घातलं. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात हिरोचा नोकर. विहिरीत पड, चिखलात पड, सासूच्या अंगावर पड.

"हिरोला बायको मिळायची, मला मलम," तो म्हणाला.

पुढे स्टुडिओ बंद पडला, यानं टॅक्सी धरली. लोक ओळखायचे आणि म्हणायचे, जरा पडून दाखव ना. तो विचारायचा, "गाडी चालवता चालवता?"

मी पोट धरून हसलो. तो पडद्याकडे बघतच नव्हता. मी कुठं कुठं हसतो, ते बघत होता.

मग रोहानाची नोकरी ओहायोत, डब्लिनला गेली. निघायच्या दिवशी सुनेला घेऊन मी निरोपाला गेलो. तो म्हणाला, "आप्पा, खबर?"

"बघ," मी सुनेला म्हटलं, "अख्ख्या अमेरिकेत हा एकटा मला नावानं हाक मारतो."

सुनेनं रोहानाला विचारलं. रोहाना हसली. 'आपा खबर' म्हणजे मलायीत 'कसं काय'.

"बाबा, ते सगळ्यांनाच तसं म्हणतात," सून हळू आवाजात म्हणाली.

ते मला लागलं. मी म्हटलं, "मग विचार त्याला, माझं नाव काय."

प्रश्न ऐकून पडोबा ताठ झाला, जणू मी त्याचा अपमानच केला. म्हणाला, "बराय."

पहिल्याच दिवशी मी नाव सांगितलं असं त्याला वाटलं होतं. घरी सारखं 'बराय असं म्हणाला, बराय तसं म्हणाला' चालायचं म्हणे. सून त्याची चूक सांगायला निघाली. मी तिला थांबवलं.

"बरोबर आहे म्हणून सांग. बरायच."

रोहानानं त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर जाऊन बसलो. कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई रोज हात करून जाते. ती आली तसा मी उठलो, छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आप्पा."

तिनंही छातीवर हात ठेवला, मान लववली, म्हणाली, "आप्पा." आणि कुत्र्यामागं निघून गेली.