फुगेवाल्यांचा झिजलेला शिक्का

विमान खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत बसणाऱ्या कारकुनाला सगळे फुगेवाले म्हणत. वैमानिकांना आकाशात काही विचित्र दिसलं की त्याचा अहवाल त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते नेमकं काय होतं हे ते ठरवायचे. सव्वीस वर्षांत स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते. भीती वाटते असं काही ते कबूल करत नसत. वेळच मिळत नाही, म्हणत.

त्यांच्याकडे तीन रबरी शिक्के होते. पहाटे किंवा संध्याकाळी दिसलं तर 'शुक्र', हवा खराब असेल तर 'ढग' आणि उरलेलं सगळं 'हवामान खात्याचा फुगा'. हा तिसरा इतका झिजला होता की त्यातला 'हवामान' आता उमटतच नसे. शिक्क्याखाली वैमानिकाने 'मान्य' लिहून सही करायची. जो करणार नाही त्याने पंधरा दिवस घरी बसायचं आणि डोळे तपासून घ्यायचे. साहजिकच बहुतेकांना सगळं मान्य असे. एका कॅप्टनने तर विमानाभोवती तीन घिरट्या घालणारा फुगाही मुकाट्याने मान्य केला होता.

मग एके दिवशी त्यांच्या स्वतःच्या वैमानिक लेकीचा अहवाल आला. सकाळी सव्वाअकरा, डाव्या हाताला, राखाडी लांबट वस्तू. चार मिनिटं बरोबरीने उडाली आणि सरळ वर निघून गेली. नात्यातल्या माणसाची फाइल दुसऱ्याने बघावी असा नियम होता, पण त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

"फुगाच मारणार ना, बाबा?" संध्याकाळी चहाच्या कपबशा विसळताना लेकीने विचारलं.

"अगं, सही कर आणि मोकळी हो. सगळे करतात."

"मी नाही करणार. बसेन पंधरा दिवस घरी. लहानपणी मी खिडकीची काच फोडली होती तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, जे झालं ते तसंच सांगायचं."

काच गेली ती गेली, वर हे वाक्यही आपणच देऊन बसलो, असं फुगेवाल्यांना झालं. घरी बसवलेल्या वैमानिकाकडे पुढे लोक कोणत्या नजरेने बघतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसे दोघे होऊन गेले होते आणि दोघेही पुन्हा उडाले नव्हते.

लेकीला पटवायला पुरावा हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच हवामान खात्याला फोन लावला. त्या सकाळी तुमचा फुगा कुठे होता?

पलीकडचा माणूस हसतच सुटला. "अहो, कुठले फुगे? गॅस भरायचं यंत्र सहा वर्षांपूर्वी बिघडलं. तेव्हापासून एकही सोडला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी विचारलंच नाही," फुगेवाले म्हणाले.

त्यांनी कपाट उघडून मोजलं. सहा वर्षांत एकेचाळीस फुगे आकाशात गेले होते आणि सगळे त्यांनी एकट्यानेच, याच खुर्चीत बसून सोडले होते. त्यांना भयंकर लाज वाटली आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. शिक्का खणात टाकून त्यांनी लेकीच्या अहवालावर पेनाने लिहिलं, 'माहीत नाही'. लेकीने त्याखाली 'मान्य' लिहून सही ठोकली आणि ती ड्युटीवर निघून गेली.

साहेब मात्र हादरले. खात्याला माहीत नाही, असं खात्यानेच लिहायचं म्हणजे काय? बराच खल झाला. शेवटी नियमात बसणारी एकच गोष्ट सापडली. फुगेवाल्यांना पंधरा दिवस घरी बसवून डोळे तपासायला पाठवलं.

लेक सुट्टी काढून सोबत आली आणि उघड्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. चार ओळी फुगेवाल्यांनी खणखणीत वाचल्या.

"आणि ही शेवटची?"

त्यांनी डोळे बारीक केले. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

बाहेर लेकीला आधी हसू फुटलं. मग ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली.