तीन टिंबांचं रबर

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते आहे. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी, मागच्या सीटवर येऊन बसलेला प्रवासी... खरं सांगते, वाचून हसू येतं. सारी हयात मी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. आणि त्याही आधी, मी ज्या घरात वाढले तिथे असल्या गोष्टींना थारा नव्हता. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी देव्हारा उतरवला. देवांबरोबर भुतंही घराबाहेर गेली. गाडीला लिंबू-मिरची बांधा असं कोणी सुचवलं की म्हणायचे, "लिंबू सरबताले ठेव. ब्रेकचं तेल पाह्य आधी."

तेव्हा मी भुताची गोष्ट सांगते आहे असं समजू नका. काय सांगते आहे ते मलाही नीट ठाऊक नाही. फक्त जे डोळ्यांनी पाहिलं आणि बोटांनी चाचपलं तेवढंच लिहिते.

गाव मेहकर. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची, मॅट्रिकला. आमच्या वस्तीत मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी, त्यामुळे बाबांची मान जरा ताठच असायची. बाबा, म्हणजे दामोदर, डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. मिलिटरीत गाड्या चालवायला आणि खोलून जोडायला शिकलेले. डॉक्टरसाहेबांनी कितीतरी वर्षं नंबर लावून ठेवला होता, तेव्हा कुठे ती काळी गाडी मिळाली. तिची गॅरंटी होती आणि सर्व्हिसची फुकट कूपनं होती. त्यासाठी गाडी लांब शहरात, जिथून घेतली त्या शोरूमलाच न्यावी लागे. शोरूमचं नाव लिहीत नाही. आता ती नाही आणि तिचा मालकही नाही.

त्या वर्कशॉपचा बाबांना भारी तिटकारा. तिथे मालकाला चहा मिळायचा, आणि ड्रायव्हरने फाटकाबाहेर उभं राहायचं. आत काय चाललंय ते पाहायची सोय नाही. एकदा गाडीतला नवा जॅक गेला आणि गंजका आला. एकदा न बदललेलं ऑइल बदललं म्हणून लिहून आलं. बिलावर मात्र दर वेळी जांभळा शिक्का - 'ऑल ओके'. बाबा म्हणायचे, "शिक्का तेवढा नवा राह्यते त्यायचा."

अशाच एका सर्व्हिसनंतर ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. बाबांनी पुढचं डावं चाक खोललं. इथे थोडं शिकवावं लागेल, माफ करा, सवय आहे. त्या ब्रेकच्या आत बाटलीच्या झाकणाएवढं, वाटीसारखं काळं रबर असतं. ते ब्रेकचं तेल अडवून धरतं. रबर खराब झालं की तेल गळतं, आणि सगळं तेल गळालं की गाडी थांबत नाही. एवढं कळलं तरी पुरे.

"भलतंच तेल ओतलं त्यायनं. रबर फुगलं पाह्य," बाबा म्हणाले. मेहकरात तसं रबर मिळेना. गॅरंटी असल्यामुळे गाडी परत शोरूमलाच जाणार होती.

शहाणा ड्रायव्हर काय करतो, तर बदललेला जुना पार्ट परत मागून घेतो. म्हणजे नवा बसला याची खात्री. पण बाबा त्याच्याही पुढे गेले. "जुना पार्ट देतीन, पण तो आपलाच कशावरून? सुमे, सुई तापव." मी चिमणीवर सुई तापवली. रबराच्या पाठीवर, जिथे टोचल्याने काही बिघडत नाही अशा जागी, त्यांनी मला तीन टिंबं द्यायला लावली. दोन नीट आली. तिसऱ्याला घाण वास सुटून माझा हात हलला आणि ते टिंब बाजूला घसरलं. बाबा हसले. "चालते. माह्या पोरीची सही हाये."

ते रबर परत चाकात बसवून, हळूहळू हाकत, बाबांनी गाडी शोरूमला नेली. दोन दिवसांनी आणली. बिलावर लिहिलं होतं, नवीन रबर बसवले. जांभळा शिक्का होता. आणि जुना पार्ट म्हणून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती.

पुडी आम्ही दोघांनी उघडली. आतल्या रबराला एकही टिंब नव्हतं. कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला, आणि आकारही मोठा. बाबा बराच वेळ ते बोटांत फिरवत राहिले. "हे तं जीपचं हाये. आपलं रबर काढलंच नाई त्यायनं. अजून चाकातच हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरसाहेबांना पुडी दाखवली. पण शोरूमचं पत्र आधीच पोचलं होतं - तुमच्या ड्रायव्हरने परस्पर चाक उघडलेले दिसते, पुन्हा उघडल्यास गॅरंटी राहणार नाही. डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणायचं आहे. पण ते म्हणाले, "दामू, एवढी मोठी माणसं एका रबरासाठी खोटं बोलतील का? आजपासून चाकाला पाना लावायचा नाही. शब्द दे मला." बाबांनी शब्द दिला.

गाडी पुन्हा शोरूमला गेली. तपासले, दोष नाही, असा कागद घेऊन परत आली. बाबा रोज तेलाची भर घालून चालवत होते. शेवटी पुन्हा पुडी घेऊन डॉक्टरसाहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, तेल गळून राह्यलं. एकदा तुमच्यासमोर खोलू द्या." डॉक्टरसाहेब पेशंटच्या गडबडीत होते. पुढच्या महिन्यात सर्व्हिस आहेच, म्हणाले. त्या संध्याकाळी बाबांनी पुडी माझ्यासमोर बांधली, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली मायच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची.

तिसऱ्या दिवशी बाबा औषधांची खोकी घेऊन डोणगावला एकटेच निघाले. उतारावर समोरून बाजाराच्या बैलगाड्या येत होत्या, बायका-पोरांनी भरलेल्या. गाडीवानांनी नंतर सांगितलं - ड्रायव्हर हॉर्न दाबून धरून हाताने 'हटा, हटा' करत होता, आणि हटायला जागा नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच गाडी बाभळीवर घातली. उजवी बाजू चेपून गेली. बाबा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. असो.

गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात ओढून आणली, पहाऱ्यावर शिपाई ठेवला. गावात कुजबुज सुरू झाली. प्यायला असेल. डुलकी लागली असेल. "ब्रेक तर नवेच होते म्हणे, बिल हाये ना." बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. गाड्यांतल्या बायका-पोरांसाठी जीव दिलेला माणूस पाच दिवसांत बेवडा झाला होता.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरसाहेब आमच्या घरी आले. खाटेवर बसले. मायला म्हणाले, "वहिनी, आज मला ठाण्यात जबाब द्यायचा आहे. दामू माझ्या भावासारखा होता. पण माझ्याकडे बिल आहे, तपासणीचा कागद आहे. ब्रेक चांगले होते असंच मला सांगावं लागेल. मग चूक ड्रायव्हरची ठरेल. वाईट वाटून घेऊ नका."

मला राहवलं नाही. आज डॉक्टरसाहेब जबाबावर सही करून आले की बाबा कायमचे निष्काळजी ठरणार होते. मी मायच्या गळ्यातली किल्ली घेतली, ट्रंक उघडली आणि पुडी त्यांच्यासमोर धरली. "हे पाहा साहेब. हे आमच्या गाडीचं रबर नाही. आमच्या रबरावर तीन टिंबं आहेत, मी दिलेली. यावर एकही नाही."

डॉक्टरसाहेबांनी पुडी सोडली. आणि आतल्या रबराच्या पाठीवर तीन टिंबं होती.

दोन नीट. तिसरं बाजूला घसरलेलं.

बाबांचा एकमेव पुरावा मी माझ्याच हाताने बुडवला होता. डॉक्टरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाळ, ही तर तुमचीच खूण. म्हणजे जुनं रबर त्यांनी काढूनच दिलं होतं. दामूचा गैरसमज झाला." मला रडूही येईना. पुडी मी स्वतः पाहिली होती, उलटीपालटी करून पाहिली होती...

तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटं तेलाने माखली होती. कागद भिजून पारदर्शक झाला होता. ब्रेकच्या तेलाला तेव्हा एरंडेलासारखा वास यायचा, तो खोलीभर पसरला. महिनाभर कागदात पडलेली वस्तू कोरडी असायला हवी. हे रबर आत्ता तेलातून काढल्यासारखं निथळत होतं. ट्रंकेत पुडीखाली असलेल्या माझ्या वह्यांवर मात्र तेलाचा थेंबही नव्हता.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. ते उठले आणि मला म्हणाले, "चल माझ्यासोबत."

ठाण्यात त्यांनी फौजदारांना विनंती करून पंचांसमोर डावं चाक उघडायला लावलं. करीम मिस्त्रींना बोलावलं. ते मेहकरातले जुने मिस्त्री, बाबांचे दोस्त. नटांवर चिखल वाळून घट्ट झाला होता, तो आधी खरवडावा लागला. "ये चाक तं महिनाभरात कोनं खोललं नाई," ते म्हणाले. शिपाईही म्हणाला, गाडीजवळ कोणी फिरकलं नाही.

चाकाच्या आत तेल गळल्याचे ओघळ होते. मिस्त्रींनी रबर बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. मोठं, जीपचं रबर. कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला. एकही टिंब नाही. आणि कोरडं ठणठणीत.

"डॉक्टरसाब, ये इस गाडी का हैच नहीं," मिस्त्री म्हणाले. "हे याच्यात बसूच शकत नाई. दामूभाऊनं इतके दिवस ब्रेक मारला तरी कसा?" मग त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. तेलात असलेली वस्तू कोरडी का, हे त्यांनी विचारलं नाही.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, चुकीचा पार्ट बसवल्यामुळे ब्रेक निकामी. डॉक्टरसाहेबांनी जबाब दिला की ड्रायव्हरने मला दोनदा सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, त्याचा काही दोष नाही. सांगताना ते सगळ्यांसमोर रडले. पुडीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "घरी ठेव. कुणाला दाखवू नकोस." आम्ही दोघं त्यानंतर कधीही त्यावर बोललो नाही.

शोरूमचं काही वाकडं झालं नाही. महिनाभराने डॉक्टरसाहेबांना त्यांचं कार्ड आलं - आपल्या गाडीच्या सर्व्हिसची वेळ झाली आहे.

एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी उमगली. चाकात आमचंच तीन टिंबांचं रबर सापडलं असतं, तर शोरूमवाले सरळ म्हणाले असते, ड्रायव्हरनेच नवं काढून विकलं आणि स्वतःचं खुणेचं परत बसवलं. जीपचं रबर सापडलं म्हणूनच बाबा सुटले. हा विचार कोणी केला? वाळलेल्या चिखलाआडच्या चाकातून एक रबर निघून कुलपातल्या पुडीत कसं आलं, आणि पुडीतलं चाकात कसं गेलं? मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की कारणाशिवाय काही घडत नाही. याचं कारण मला सापडलेलं नाही. बाबा असते तर ही गोष्ट ऐकून मलाच रागावले असते.

माय जाईपर्यंत एकच म्हणायची, "एवढं येता येत व्हतं, तं आधी काऊन नाई आला तुहा बाप?" मी उत्तर द्यायची नाही. कारण मायला मी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. कोणालाच नाही.

ज्या संध्याकाळी बाबांनी पुडी ट्रंकेत ठेवली, त्या संध्याकाळी त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून पाना काढला होता. दारात उभे राहून मला हळूच विचारलं होतं, "सुमे, गुपचूप खोलू का व? अर्ध्या घंट्याचं काम हाये. कोनाले कळनार नाई." मी अभ्यास करत होते. परीक्षा तोंडावर आली होती. मी वर न पाहताच म्हणाले, "नको बाबा. साहेबांना शब्द दिलाय तुम्ही. नोकरी गेली तर माझी मॅट्रिक बुडेल."

"हाव, तेही खरंच हाये," म्हणाले, आणि पाना पिशवीत परत ठेवला.

मी मॅट्रिक झाले. पुढेही शिकले. ते रबर अजून माझ्या कपाटात आहे, आता सुकून कडक झालंय, पण तीन टिंबं दिसतात. काढून पाहते तेव्हा दर वेळी एकच विचारावंसं वाटतं. बाबा, मेल्यावर बंद चाकातून रबर काढून आणलंत ना? मग जिवंतपणी माझं एवढंसं 'नको' कशाला ऐकलंत?