आईची टिचकी

मडकं घेणारी बाई ते तळव्यावर धरते, दुसऱ्या हातानं टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. नारायणगावच्या बाजारात सगळ्या बायका असंच करत. माझी आई तेवढी चार हात लांब उभी राही आणि कुंभार तिच्यासाठी टिचक्या मारी.

कारण सांगताना आजही माझं डोकं फिरतं, पण सांगते. आम्ही पिंपळवंडीचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. देव बदलला तरी गावानं आमची जुनी जात काही पुसली नव्हती. आम्ही शिवलेलं पितळेचं भांडं घासून-धुऊन लोक पुन्हा घरात घेत. मातीचं मात्र घासून शुद्ध होत नाही, असं मानत. आईनं मडक्याला बोट लावलं की ते तिचंच, दुसरं कुणी घेणार नाही. शिवाशिवीवर कायदा झाला होता, पण कायदा काही बाजाराला चालत येत नाही.

आणि आईला तर मडक्यांचं वेड! घरात तांब्याचा हंडा होता, तो पालथा पडलेला असे. नव्या माठात पहिलं पाणी ओतलं की ती हातातलं काम टाकून वास घेत बसे. कान इतका तयार की बाजाराच्या गलक्यात लांबून म्हणे, "ते नको, दादा. गळ्याशी बारीक चीर आहे." कुंभार मडकं फिरवून बघे आणि खरंच चीर सापडे. "एकदा तरी माझ्या हातानं वाजवून घेईन," असं ती घरी म्हणे. दुसऱ्या बायकांना पाटल्यांची हौस असे, हिला ही.

वडील उपदेशक होते. पाच-सहा घरांची उपासना आमच्याच ओसरीवर भरे. पार आंबेगावच्या वाड्यांपर्यंत ते पायी जात. त्यांचं आवडतं प्रवचन कुंभाराचं: देव कुंभार, आपण माती, आकार बिघडला तर तो पुन्हा चाकावर घालतो. वडिलांच्या प्रवचनातली माती फार स्वच्छ असे. एका रविवारी जेवताना आई म्हणाली, "अहो, त्या मातीत घोड्याची लीद घालतात, ते का नाही सांगत?"

वडिलांचा घास हातातच राहिला. "उपासनेत लीद?"

"लीद नसेल तर माठ वाळतानाच तडकतो. भट्टीत ती जळून जाते, तिच्या जागी बारीक भोकं राहतात. तिथून पाणी पाझरतं म्हणून तर गार होतं. मी विचारलंय कुंभाराला." मग वडिलांच्या ताटात भाकरी वाढत ती म्हणाली, "लोक आपल्याला काय समजतात ते मला ठाऊक आहे. समजू देत. प्रभूनं आपल्याला ह्या गावच्या मातीत उगाच नाही घातलेलं."

वडील खाली मान घालून जेवत राहिले. मला तेव्हा हसू आलं होतं. वडिलांची सगळी प्रवचनं मी आता विसरले आहे, आईचं हे बोलणं मात्र पाठ आहे.

त्या उन्हाळ्यात घरचा माठ फुटला. आम्ही बाजारात गेलो तर कुंभाराच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली. "भट्टी उतरवताना भाजलं, बाई," तो म्हणाला. "वाजवायला काय जमंना. आज तुमीच वाजवा." आणि डाव्या हातानं त्यानं जवळचा एक माठ तिच्यापुढं सरकवला.

आईनं माझ्याकडं पाहिलं. पदर खोचून ती खाली बसली, माठ जवळ ओढला आणि टिचकी मारली. बद्द! मलासुद्धा ऐकू आलं. हात भाजल्यामुळं त्यानं ह्या खेपेचा माल वाजवून निवडलाच नव्हता. चार बायका थांबून बघत होत्या. आईनं दुसरी टिचकी मारली नाही. "छान आहे, दादा," म्हणाली आणि तोच घेतला.

मी वाटभर तिच्याशी भांडले. "दुसरा मागायचा की!"

"ह्याला मी शिवले. आता हा तो कुणाला विकणार?"

"चूक त्याची होती."

"जन्मात पहिल्यांदा कुणी मला म्हणालं, तुम्ही वाजवा. त्यालाच चारचौघांत तोंडघशी पाडू?"

घरी पाणी भरलं, तर संध्याकाळपर्यंत माठ गळून निम्मा रिता झाला. आईनं तो वाळवून त्यात बाजरी भरली. इतक्या वर्षांची हौस, आणि हाती आलं ते असं. मी देवावर रागावले होते, खोटं कशाला सांगू?

पुढच्या बाजारी कुंभाराच्या हाताला चिंधी नव्हती. आई नेहमीच्या जागी, चार हात लांब उभी राहिली. तो म्हणाला, "त्यो माठ बद्द व्हता न्हवं?"

"नाही हो, चांगला..."

"ऱ्हाऊ द्या. त्याच भट्टीतलं मडकं डिंगोरे गावच्या पावन्यानं माघारी आनलं. तुमी न्हाई आनलं." तो उठून बाजूला झाला. "ही समदी वाजवा. बद्द असंल ते बाजूला काढा. तुमच्यावानी कान हितं कुनाचा न्हाई."

"दादा, मग बाकीची कोण घेईल?"

"कुनी घेवो नायतर नको. हात बरा झालाय माझा, तरीबी म्हनतो."

आई बसली. एकेक मडकं वाजवू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. दोन बायका आल्या, बघून पुढं गेल्या. कुंभार तंबाखू मळत बसून राहिला. मला काळजी वाटत होती ती त्याच्या धंद्याची, आईची नव्हे.

मग डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक म्हातारी शेतकरीण येऊन थांबली. बराच वेळ ऐकत राहिली. "बाय, ह्यातला चांगला कोनता?" तिनं आईलाच विचारलं.

आईनं सवयीनं नुसतं बोट दाखवलं आणि ती मागं सरकली, म्हातारीला वाट मोकळी व्हावी म्हणून.

"माजं गुडघं वाकत न्हाईत," म्हातारी म्हणाली. "द्या की हातात."

आईनं माठ दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो न वाजवताच पाटीत ठेवला.