पाला जाळू नये

पनवेल तालुक्यात सुक्या पानाला पाहुण्याइतका मान देणारा एकच माणूस होऊन गेला, आणि ते माझे मोठे दीर होते. भाऊजींचा सगळा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेला. गाड्या पुकारून पुकारून प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. "चहा टाका. चहा टाका." आम्हाला एकदा सांगितलेलंही ऐकू येतं, हे त्यांना कुणी पटवू शकलं नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. माझ्या मते कुणा बाईने हो म्हणायच्या आत ते दुसऱ्यांदा विचारत असणार.

निवृत्तीनंतर ते कुठल्याशा सेंद्रिय शेतीच्या शिबिराला गेले आणि परतले ते राबाचे वैरी होऊन. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. भाऊजींच्या मते हे जमिनीचं तोंड भाजणं होतं. पाला कुजवायचा, उंच वाफे करून त्यात रोप टाकायचं, जमीन कधी उघडी ठेवायची नाही, हे त्यांनी एवढं मनावर घेतलं की जमिनीवर पांघरूण कसं घालायचं ते दाखवायला माझी नवी सोलापुरी चादर वावरात अंथरून आले. माझ्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी गाडीची डिकी उघडली तर आत मांडवातले झेंडूचे हार गच्च भरलेले. "नवरीची बॅग मांडीवर घेता येईल, झेंडू कोण घेणार?" असं ते व्याह्यांना दोनदा म्हणाले. खताच्या ढिगात रोज हात घालायचे, तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा. "ताप आहे. ताप आहे," म्हणत खुशीत घरी यायचे. ढिगाला ताप म्हणजे आतलं काम चालू.

शिकवायला त्यांनी शेतमालक निवडले नाहीत, मजूर निवडले. त्यांचं म्हणणं, हात ज्यांचे लागतात त्यांनाच शिकवायला हवं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या कातकरी बाया पावसाळ्यात लावणीला जातात आणि उन्हाळाभर वीटभट्टीवर असतात, म्हणून भाऊजींचा वर्ग भट्टीवर भरे. डोळ्यांत पाणी येईल अशा धुरात उभे राहून ते पुकारायचे, "पाला जाळू नये. पाला जाळू नये." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांतली सोमी सगळ्यांत तिखट. ती म्हणायची, "भाऊ, आधी शेटला सांगा, भट्टी जाळू नये." पण शिकलीही तीच सगळ्यांत लवकर.

पुढच्या हंगामात सोमीने एका मालकाच्या शेतात, त्याला न विचारता, राबाचा पाला खड्ड्यात दडपला आणि वाफे केले. मालकाने तिला त्याच दिवशी काढलं. लावणीची सगळी मजुरी गेली. ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. "भाऊ, तुमी सांगता ते खरं हाय. पण शेत आमचं नाय." एवढंच म्हणाली.

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. आपण शिकवलं कुणाला आणि विसरलो काय, हे त्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी शिरढोणजवळची आमची सामाईक जमीन बायांना करायला दिली. इथे बायांचाच शब्द चालेल, म्हणाले. त्या शेताच्या बांधावर बसलेले भाऊजी मी पाहिले आहेत. सोमी त्यांनाच दटावत होती, "चप्पल काढा भाऊ, वाफा दबल." आणि ते शाळेतल्या पोरासारखे चपला हातात घेऊन उभे.

हे फार टिकलं नाही. भोवतालच्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या, मग आमची. चार भावांची जमीन, तिघांना विकायची होती. सही करताना भाऊजींनी एकच मागितलं, "कापणी होऊ द्या. कापणी होऊ द्या." ती झाली. मग पत्र्याचं कुंपण आलं. पुढल्या वर्षासाठी रचलेला खताचा ढीग मात्र भाऊजींनी गोण्यांत भरून टेम्पोने आमच्या नव्या सोसायटीत आणला आणि पंपाच्या खोलीमागे मांडला. सेक्रेटरी वासावरून बोलायला आले, ते अर्ध्या तासाने शेणावरचं व्याख्यान ऐकून परत गेले. सोमीला मी सोसायटीच्या बागेत कामाला लावलं. लॉनचं गवत आणि शोभेची झाडं. ती पालापाचोळा ढिगावर टाकत राहिली, तयार झालेलं खत गोण्यांत भरत राहिली. त्यातलं बागेला लागायचं ते मूठभर.

भाऊजी शेवटी दवाखान्यात होते तेव्हा ती भेटायला आली. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "खत तयार हाय भाऊ. टाकायचं कुठं?"

भाऊजींनी मान तिच्याकडे वळवली. "लागेल," म्हणाले.

आम्ही दुसऱ्यांदा म्हणायची वाट पाहत राहिलो. ते डोळे मिटून पडून राहिले. दोन दिवसांनी गेले. त्यांना अग्नी देताना सोमी लांब उभी होती. घरी परतताना रागाने मला म्हणाली, "त्यांना जाळायला नको होतं." मी तिला पाणी दिलं.

त्या गोण्या अजून पंपाच्या खोलीमागे आहेत. वाडीजवळ एखादा तुकडा कसायला मिळतो का म्हणून मी दोघातिघांना विचारलं, पण आता त्या भागात शेतासाठी जमीन कुणी देत नाही. नवा माळी पाला पेटवायला निघाला की सोमी बागेच्या दुसऱ्या टोकावरून ओरडते, "पाला जाळू नये. पाला जाळू नये." हुबेहूब डेपोतला आवाज. परवा भाजीची पिशवी घेऊन येताना मी तिथे थांबले. कुणी पाहत नाहीसं बघून ढिगात हात घातला, उलटा.

"ताप आहे," मी म्हणाले.

सोमी मागे खराटा मारत होती. तिने मान वर केली नाही.

"ताप हाय," म्हणाली.