एम-पी-एच राहतो कुठं?

“मायक्रोफोनात बघितलं, तिथं बँडमास्तर राहतो. पॅम्फ्लेटात छापखानेवाला. मग हा मेला कोट राहतो तरी कुठं?”

“खुंटीवर राहतो, वहिनी,” दीर म्हणाला. लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवायचं काम त्याचं. सायकल दारात लावून तो मिशा चोळत उभा होता.

“दात काढू नका, भावोजी. आणलात कुठून ते आठवा.”

“चौकात एक बाई धावत आली, पोत्यात कोंबून गेली. मी तिचं तोंडही धड बघितलं नाही. तुम्हीच ऐटीत सांगता ना, खूण वाचीन नि घर सांगीन? वाचा की मग.”

वाचायचं काय, कॉलरच्या आत तीनच अक्षरं होती. एम, पी, एच. सकाळपासून ती तिच्या डोक्यात माशीसारखी घोंघावत होती.

तिला सगळे खूणमावशी म्हणत. सव्वीस वर्षं तिचं एकच काम. येणाऱ्या प्रत्येक कपड्यावर घराची खूण बघायची, नसेल तर न पुसणाऱ्या शाईनं घालायची. प्रत्येक घराला तीन इंग्रजी अक्षरं. ती मालकाच्या बापाच्या काळी चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळं त्यांना ना शेंडा ना बुडखा. मावशीची शाळा चौथीत सुटलेली. नुसती अक्षरं ओल्या साबणासारखी हातातून निसटायची. तेव्हा गिऱ्हाइकांतल्याच एका शाळेच्या बाईंनी तिला युक्ती शिकवली. अक्षरं सुटी ठेवू नकोस, ती त्याच क्रमानं, मधे जागा सोडून का होईना, मावतील असा लांब शब्द शोध आणि त्यात त्यांना राहायला घाल. वर आपली जुनी डिक्शनरीही दिली.

मग काय, मावशीला नादच लागला. तिच्या लेखी लांब शब्द म्हणजे एक गल्ली, एकात चार-चार घरं मावायची. रेफ्रिजरेटरात आर-एफ-जी म्हणजे खाटीक, जी-टी-आर म्हणजे त्याचा सासरा, आणि दोघांचं पटत नाही हेही तिला माहीत. हँडकरचीफमध्ये शिंपी, दाताचा डॉक्टर आणि एक विधवा सुखानं नांदत होते. अर्थाशी तिला घेणंदेणं नव्हतं. शब्द लांब हवा, बस्स. बारा अक्षरी शब्द सापडला की तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

गेल्या आठवड्यात बॉयलरचा पाइप फुटला आणि खुणांच्या वहीचा लगदा झाला. मालकाचा जावई टपूनच होता. स्टिकर छापायचं मशीन आणू म्हणाला. मावशीनं पदर खोचला नि सांगून टाकलं, “वही गेली तर गेली. सगळी गल्ली माझ्या डोक्यात आहे.” आणि खरंच, चारशे कपडे तिनं ज्याचे त्याला बिनचूक लावून दिले. उरला हा एक निळा कोट. त्याला चिठ्ठी टोचलेली होती, ‘आज पाचची बस आहे, त्याआधी हवा’. ना नाव, ना गाव.

मालकानं सकाळीच ऐकवलं होतं, “हा कोट चुकला तर उद्यापासून मशीन. मग तू आत भट्टीवर.”

भट्टीवर म्हणजे वाफेत कपडे ढवळायचे. तिथली कामं करून तिच्या जावेचे हात कायमचे सोलवटले होते. पण मावशीला हातांपेक्षा टेबलाची धाकधूक होती. खिडकीजवळचं, शाईच्या डागांचं ते टेबल गेलं की आपण कोण उरतो?

तीन वाजले. ती बसायची, उठायची, पानं उलटायची, परत बसायची. इस्त्री होऊन आलेला कोट बाकी कपड्यांत नको म्हणून तिनं तो तिकडं खुंटीला टांगला होता आणि इकडं अक्षरं पुटपुटत होती. मेटॅमॉर्फोसिस सापडला, तेरा अक्षरी. एरवी नाचली असती. आत डोकावून बघितलं तर तिथं कुणीच राहत नव्हतं. ट्रायम्फंटमध्ये दोन घरं होती, दोन्ही भलतीच.

“साडेतीन,” दीर म्हणाला.

“घड्याळ गिळलंय का तुम्ही?”

“मी आपलं सांगितलं.”

“सांगू नका. दारात उभे राहू नका. हवा अडते.”

मालकाचा जावई उगाचच दोनदा टेबलाची लांबी-रुंदी बघून गेला. मावशीचं पित्त खवळलं. तिनं डिक्शनरी धाडकन मिटली, खुंटीवरचा कोट ओढला आणि कॉलर उलटी करून खिडकीत धरली.

दिवसभरात पहिल्यांदाच तिनं अक्षरं आठवायची सोडून बघितली. शाई जुनी, पार तपकिरी पडलेली. एमची एक तंगडी वाकडी. पी असा, की पोटुशी बाई पाठीवर पडायच्या बेतात. एचची मधली काडी दोनदा गिरवलेली.

हे अक्षर तिचंच होतं. पण आत्ताचं नव्हे. पहिल्या महिन्यातलं.

“आग लागो माझ्या डोक्याला!”

शब्द मिळेल कुठून? तिनं कधी शोधलाच नव्हता. अक्षरं शब्दात घालायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच कपड्यांवर मावशी एम-पी-एच गिरवायला शिकली होती. तेव्हा युक्तीही नव्हती आणि डिक्शनरीही नव्हती. त्या शाळेच्या बाई. गुडघे धरल्यापासून आठ वर्षं त्यांचा कपडा आला नव्हता. सगळ्या गावाला घरं वाटली आणि बाईंनाच तेवढं उघड्यावर ठेवलं.

“भावोजी, शाळेमागचा जिना. दुसरा मजला, हिरवं दार. बाई दार उघडायला वेळ लावतात, लगेच माघारी फिरू नका.”

“नक्की ना? चुकलं तर—”

“चुकलं तर मी भट्टीवर, तुम्ही कशाला घाबरता? निघा!”

सायकल गेली. मावशी सुई टोचल्यासारखी दारातून टेबलाशी, टेबलापासून दारात करत राहिली. पाचला दहा कमी असताना दीर परतला. घामानं निथळत होता.

“बाईंचाच. भाचीकडं राहायला निघाल्यात कायमच्या. चौकात धावत आली ती भाचीच. कोट अंगात घालूनच खाली उतरल्या.”

“काही म्हणाल्या?”

“म्हणाल्या, एमची तंगडी अजून वाकडीच काढते का विचारा.”

मालक आतून सगळं ऐकत होता. तो बाहेर आला, जावयाकडं न बघता त्यानं एक गाठोडं तिच्या टेबलावर लोटलं.

“ही नवी घरं. खुणा घालून दे.”

“आणि मशीन?”

“आधी एवढं उरक, मग तोंड चालव.”

तिनं गाठ सोडली, वरचा शर्ट ओढून कॉलर ताणून धरली. नवी चिठ्ठी आली होती, एस, टी, डब्ल्यू. पण डोक्यात अजून जुनी माशी घोंघावतच होती. मेटॅमॉर्फोसिस रिकामाच आहे, बाईंना तिथं घालावं. पण तेरा अक्षरं बाईंना पुरतील का? अजून लांब असेल एखादा. तिनं डाव्या हातानं डिक्शनरी उघडून ठेवली, उजव्या हातानं टाक शाईत बुडवला आणि एसचं पहिलं वळण घेतलं.