पहिली संक्रांत, गुडगाव

मथुरेपर्यंत गाडी शहाण्यासारखी धावली आणि पुढे धुक्यात रांगू लागली. खिडकीच्या काचेवर बोट फिरवले की बोटाएवढेच जग दिसे: एक बाभूळ, एक म्हैस, की पुन्हा सारे पांढरे. 'कोहरा' (दाट धुके) एवढेच म्हणून सहप्रवाशांनी रजया डोक्यावर ओढल्या. मी साताऱ्याहून प्रथमच इतक्या उत्तरेला निघाले होते, त्यामुळे मला मात्र झोपावेसे वाटेना. माझी कॉलेजातली मैत्रीण वसुधा हिच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन संक्रांतीला गुडगावात उघडणार होते, आणि मी त्यासाठी चालले होते.

दिल्लीच्या फलाटावर वसुधा उभी होती. माझी पिशवी घेण्यासाठी तिने लोकरीचा हातमोजा काढला. वसुधाला कोड आहे. कॉलेजात ते मनगटाशी रुपयाएवढे होते. आता हातावर पसरले होते, ओहोटीनंतर काळ्या खडकावर मिठाचे पापुद्रे उरावेत तसे. तिची सारी चित्रे याच त्वचेची. उघड्या दंडांची, उघड्या मानेची वसुधा ती स्वतःच रंगवते, आणि त्या चित्रांतली बाई समोरच्याकडे सरळ पाहते.

"मग आता मोजे कशाला?" मी विचारले.

"थंडी आहे म्हणून, असं सांगता येतं ना," ती हसली. "चित्रात जमतं गं. अंगावर नाही जमत अजून. शाळेपासून बाही मनगटापर्यंत आहे, यार. ती काय अशी एकदम वर जाणार?"

सरोजिनी नगरच्या बाजारातून, हँगरला लोंबणाऱ्या स्वस्त स्वेटरांच्या गल्लीतून, आम्ही तिच्या सरकारी क्वार्टरवर पोचलो. गच्चीत वसुधाची आई, आमच्या काकू, अंगीठीपुढे (शेगडीपुढे) बसून संक्रांतीचा हलवा करत होत्या. मंद निखाऱ्यावर परात, परातीत खसखस. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पाकाचा गोड, किंचित जळका वास थंडीत खाली बसला होता. या शुभ्र, काटेरी दाण्यांचे दागिने काकू ओवतात. छावणीतल्या मराठी फौजी घरांतल्या नव्या सुनांची पहिली संक्रांत दर वर्षी त्यांच्याच हलव्याने सजते.

"दिल्लीची थंडी एका गोष्टीला चांगली," काकू म्हणाल्या. "काटा काय सुरेख येतो." तेवढ्यात वसुधा नळावर हात धुऊ लागली, आणि परातीवरून नजर न उचलता काकूंनी म्हटले, "बाही खाली घे गं. समोरची माणसं आहेत गच्चीत."

वसुधाने बाही खाली घेतली. ओल्या हातावरच.

जेवताना मी प्रदर्शनाचा विषय काढला. गरम वरणभातावर तूप वाढता वाढता काकू थांबल्या. "इतकी वर्षं मी झाकलं, ते ही भिंतीवर टांगणार. मी कशाला येऊ? बघणाऱ्यांची तोंडं बघायला?"

"आई, तोंडं वाईटच होतील असं कोण म्हणालं?"

"मी म्हणाले. तुझ्या चुलत बहिणीच्या लग्नातली अजून आठवतात मला."

रात्री रजईत शिरताना वसुधा म्हणाली, "शंभर लोक आले आणि ही नाही आली, तर मला ते रिकामंच वाटेल."

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या व्हॅनमध्ये चित्रे घालून आम्ही निघालो. दिल्लीची हद्द ओलांडताच पिवळीधमक सरसों (मोहरी) आणि तिच्या बांधालाच काचेच्या इमारती. एका बाजूला हुक्का ओढणारे ताऊ (गावचे वडीलधारे), दुसऱ्या बाजूला आकाशात मान वळवणाऱ्या क्रेन. हवेला सिमेंटची आणि उसाच्या रसाची अशी एकत्र चव होती. आमचा सरदार ड्रायव्हर त्याच त्या चौकातून पुन्हा पुन्हा फिरला.

"पता मालूम नहीं क्या, भाईसाब?" वसुधाने विचारले.

"पता तो बिल्कुल मालूम है, मॅडम. जगह अभी बनी नहीं है."

जागा बनली होती, फक्त तिच्यासमोरचा रस्ता बनायचा होता. नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचा, रंगाचा वास अजून न उडालेला तो हॉल वसुधाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मिळवून दिला होता. संध्याकाळपर्यंत आम्ही भिंती सजवल्या आणि वाटेवरच्या ढाब्यावर मुळ्याचे पराठे खाल्ले. लोणी जिभेवर विरघळत होते, पण वसुधाचे लक्ष पराठ्यात नव्हते.

संक्रांतीच्या सकाळी काकू नेसून तयार होत्या. "गुडगावला एक दागिन्यांची ऑर्डर पोचवायची आहे," त्या डब्याला फडके बांधत म्हणाल्या. "जमलं तर डोकावेन. वाट बघू नका."

हॉल भरला. शेजारच्या टॉवरांतली कुटुंबे आली, ऑफिसची माणसे आली. काळी चंद्रकळा आणि मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके अशा वेषात वसुधा खांबाआड उभी होती. एका पंजाबी आजींनी तिला शोधून काढून "पुत्तर, तू तो अपनी फोटो से भी सोणी है" (चित्राहूनही तू देखणी आहेस) असे म्हटले, तरी ती खांब सोडेना.

मग काकू आल्या. डबा छातीशी धरून त्या थेट मोठ्या चित्रापुढे गेल्या. काळ्या साडीतली वसुधा, दंड उघडे, आणि दंडावरचा पांढरा रंग थरावर थर देऊन उठवलेला. कुणी अडवण्याआधीच काकूंनी त्यावर बोट टेकवले.

खांबाआडून वसुधा पुढे आली.

"इथं घाई केलीस," काकू चित्रातल्या मनगटाशी बोट ठेवून म्हणाल्या. "आधीचा हात सुकू दिला नाहीस."

"नाही दिला," वसुधा म्हणाली.

बोट दंडापर्यंत सरकले. "इथं मात्र काटा आलाय."

"तुझ्याकडे बघूनच शिकले, आई. पातळ घ्यायचं, सुकू द्यायचं, परत घ्यायचं."

काकूंनी बाकावर बसून डब्याचे फडके सोडले. आत हलव्याचा हार होता, बिंदी होती, बाजूबंद होते.

"ही ऑर्डर कुणाची?" मी विचारले.

"हिचीच."

"आई, ते नव्या नवरीला घालतात," वसुधा म्हणाली. "माझं लग्न कुठं झालंय?"

"पहिल्या संक्रांतीला घालतात," काकू म्हणाल्या. "इकडे ये. बाही वर घे, बाजूबंद बांधायचाय."

वसुधा तशीच उभी राहिली. तेव्हा काकूंनी स्वतःच बाही दुमडायला घेतली, घडीवर घडी, आणि पांढऱ्या कातडीवर पांढरे दाणे बांधले. हॉल गारठलेला होता. वसुधाच्या दंडावर शहारा आला, आणि कातडीचा काटा कुठला, हलव्याचा कुठला, ते मला दुरून ओळखता येईना. दुसरी बाही तिने आपणच वर केली.

परतीच्या गाडीबाहेर उन्हाने धुके फिटले होते; मथुरेच्या अलीकडची शेते दूरवर लख्ख दिसत होती. काकूंनी दिलेली हलव्याची पुडी मी सोडली. समोरच्या बाईने दाणा बोटांत फिरवून विचारले, "चुभता नहीं?" (टोचत नाही?) मी नकारार्थी मान हलवली. तिने तो तोंडात टाकला. प्रवासभर मी अंगाभोवती आवळून बसले होते ती शाल मी काढून बाजूला ठेवली, आणि खिडकीतले ऊन हातांवर घेतले.