मास्तरांच्या वहीतलं माप

आमच्या शिंपीमास्तरांना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, छाती राहते. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याचे खांदे बघतात आणि मग म्हणतात, "काय, बरं आहे ना? पोट सुटलंय जरा." एकदा सख्ख्या मेहुणीला असंच म्हणाले, तर त्यांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या अगदी समोर, त्यामुळे हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं.

चाळीस वर्षांत आपला एकही सदरा परत आला नाही, असं मास्तर स्वतःच सांगतात आणि सांगताना थकत नाहीत. पण ते खरं आहे.

चौकात पुतळा उभारायचं ठरलं, तो गावच्या दवाखान्यातल्या नर्सताईंच्या एकुलत्या एका मुलाचा. सैन्यात भरती होऊन सहा महिन्यांत लढाईत कामी आला तो. बाहेरून शिल्पकार बोलावला. मुलाची उंची सैन्याच्या कागदावर होती, चेहरा फोटोत होता, पण अंगाचं माप कुठंच नव्हतं. मास्तरांनी वही काढली. जाण्याआधी त्यानं शेवटचा सदरा त्यांच्याकडेच शिवला होता. छाती एकोणचाळीस, खांदा अठरा. शिल्पकारानं ते उतरवून घेतलं आणि पुतळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, चौथऱ्यावर तुमचंही नाव टाकू." झालं! मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. ही गोष्ट मी दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा तर माझ्याच दुकानात, माझाच चहा पिऊन.

मातीचा पुतळा तयार झाला तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. शाळेच्या रिकाम्या व्यायामशाळेत काम चाललं होतं. मास्तर दारातच थबकले. चेहरा त्या मुलाचा होता, पण धड कुणा पहिलवानाचं.

"घात झाला," मास्तर पुटपुटले आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

मास्तर वहीत अंगाचं माप लिहीतच नाहीत. किती सैल ठेवायचं ते मनातच मिळवतात आणि थेट कपड्याचं माप लिहितात. वही त्यांच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं, म्हणून आजवर काही बिघडलं नाही. त्यात त्या सदऱ्याचं माप घेतलं त्या दिवशी नर्सताई सोबत होत्या. "मोठाच शिवा, मास्तर," त्या म्हणाल्या होत्या, "तिकडं व्यायामानं भरेल अंगानं." म्हणून मास्तरांनी आणखी इंचभर वाढवलं होतं.

"समितीला तर असाच आवडलाय," मी म्हणालो. "सोमवारी धातूत ओतायला जाईल. गप्प बसा की! नाहीतर चौथऱ्यावरचं नाव जाईल आणि वर गावभर हसं होईल."

हा सल्ला मी दिला, हे कबूल करतो. त्याची आजही लाज वाटते.

"उद्या ताई बघायला येणार आहेत," मास्तर म्हणाले. "न्हाऊ-माखू घातलंय त्यांनी त्याला. परक्याच्या अंगावर त्याचं तोंड बसवून कसं दाखवू?"

आम्ही तडक ताईंच्या घरी गेलो. नर्सताई नुकत्याच कामावरून आल्या होत्या, खुर्चीत बसून बूट काढत होत्या. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मीच मोठा शिवायला सांगितला म्हणून," त्या म्हणाल्या.

"नाही हो ताई, चूक माझी. लिहायची सवयच वाईट."

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खरं माप आठवतंय?"

"आठवतंय."

"मग तेवढाच करा त्याला."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी नाक मुरडलं. वीर कसा रुबाबदार दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नर्सताईंनी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "रुबाब राहू दे तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा चौतीस छातीचा होता आणि तेवढ्या छातीनंच लढला." अध्यक्षांनी शिल्पकाराला हातानंच 'करा' अशी खूण केली.

शिल्पकार माती खरवडू लागला. मास्तर स्टुलावर चढून फीत लावत होते आणि आकडे सांगत होते. आधी खांदे उतरवले, मग दंड, मग कंबर. खाली ओल्या मातीचा ढीग साचत गेला. नर्सताई भिंतीशी उभ्या राहून एकटक बघत होत्या. दुपार कलली तेव्हा फक्त छाती उरली होती.

मास्तरांनी पुन्हा फीत वेढली. पस्तीस भरली. त्यांनी मान हलवली, फीत जरा सैल केली आणि वर न बघता, रोज गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "छाती फुगवू नकोस रे. श्वास सोड."

आपण काय बोललो ते त्यांना मग कळलं. हातातून फितीचं टोक सुटलं आणि त्या ओल्या मातीवर कपाळ टेकून ते लहान मुलासारखे रडू लागले.

नर्सताई स्टुलाजवळ आल्या.

"फुगवायचाच तो," त्या म्हणाल्या आणि सुटलेलं टोक त्यांनी पुन्हा छातीशी धरलं.